हिराजी सारंगाची गाठ

कर्जतला गाडी थांबली तेव्हा माझा डावा हात खिडकीच्या गजाला बांधलेला होता. बांधणारा मीच. पुण्याहून निघताना मोबाइलवर गाठीचा एक व्हिडिओ लावून घेतला होता आणि पिशवीतून दीड हात सुतळी काढली होती. खंडाळा मागे पडलं, बोगदे सुरू झाले आणि व्हिडिओ ऐन मोक्याला अडकला. पुढची पायरी मी अंदाजाने उरकली आणि जोरात ओढलं. फास मनगटावर असा बसला की बोटं जांभळी पडली.

फलाटावरच्या काकडीवालीने खिडकीतून आत डोकावून पाहिलं.

"कुनी बांधून घातलाय रं तुला?"

"मीच."

"मग वरडतोस कुनावर?" ती म्हणाली आणि काकडी चिरायच्या सुरीने सुतळी कापली. "जा आता. हात बरोबर घेऊन जा." उपकाराची परतफेड म्हणून मी एक काकडी घेऊन पिशवीत टाकली.

उतरताना शेजारचे प्रवासी माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती मला नवी नाही. मी आयुष्यभर तिच्यातूनच वाट काढत आलो आहे.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगतो. तरुणपणी मी पाच वर्षं एका मालवाहू जहाजावर कारकून होतो. खलाशी मला 'रायटर' म्हणत. हिराजी आमचा सारंग (डेकवरच्या खलाशांचा मुकादम). समुद्रापासून आत, चौकच्या पलीकडे पाताळगंगेकाठी त्याचं गाव. भातशेतीवाल्यांच्या घरातला हा माणूस जहाजावर कसा आला कोण जाणे, पण दोरी त्याच्या हातात आली की तिला अक्कल फुटायची. त्याची एक लाडकी गाठ होती. तिने दोरीच्या टोकाला एक मोठा फेरा तयार होतो. त्यात कितीही ओझं टाका, फेरा आवळत नाही, सुटतही नाही. आणि काम झालं की एका हाताने उघडतो. माणसाला कंबरेला बांधून जहाजाच्या कडेने खाली सोडायचं तर हीच. होडी खांबाला अडकवायची तरी हीच. एका दुपारी त्याने ती मला शिकवली. मी मान डोलावली. मान डोलावणं हे माझं खरं शिक्षण. पुढे तीसेक वर्षं दर दिवाळीला मी त्याला पत्रात लिहीत आलो, 'सारंग, तुमची गाठ अजून हातात आहे.' पत्रात गाठ बांधून दाखवावी लागत नाही.

मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीचा, सुनंदाचा, फोन आला. "काका, बाबांची उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणतात, थोडेच दिवस. बाबांनी तुम्हाला बोलावलंय. म्हणतात, माझी तिरडी रायटर बांधेल. ती गाठ मी त्यालाच शिकवलीय."

मी "येतो" म्हणालो. असल्या आमंत्रणाला दुसरं काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं.

कर्जतहून चौकला जायला सहा सीटची रिक्षा मिळाली. सहा सीटची म्हणजे अकरा माणसांची. भाद्रपदातला दिवस, पण सूर्य कुठे ठेवलाय ते कळत नव्हतं. उजव्या हाताला माथेरानचा डोंगर ढगात कमरेपर्यंत बुडालेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, आणि मधूनच एखादं खाचर सोडून उंच भिंत, आत कुणाचा तरी बंगला, फाटकाला कुलूप. शेजारच्या म्हातारबुवांना मी विचारलं, "हे कुणाचं?"

"पयलं आमचं व्हतं," ते म्हणाले.

चौकला जुन्या हायवेवर गॅरेजं, टायरांच्या उतरंडी, वाफाळणाऱ्या किटल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी एका दुकानात शिरलो आणि दोरी मागितली.

"काय बांधायचंय?" दुकानदाराने विचारलं.

तिरडी म्हणायला जीभ उचलेना. म्हटलं, "सामान."

"किती वजनाचं?"

"साधारण माणसाएवढं."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि निळ्या नायलॉनचं वेटोळं पुढे टाकलं. "ट्रक ओढा. तुटायची नाय." मी ते गळ्यात अडकवून बाहेर आलो तर समोर सुनंदा स्कूटर घेऊन उभी. चाळिशी ओलांडलेली, कारखान्याच्या कँटीनचा निळा एप्रन अजून अंगात. रसायनीला ती स्वयंपाकाचं काम करते. माझ्या गळ्यातल्या वेटोळ्याकडे तिने पाहिलं आणि स्कूटर सुरू केली.

गावाच्या अलीकडे नदीकाठी तिने स्कूटर थांबवली. पत्र्याची शेड, खाली काळवंडलेला चौथरा, मागे पाताळगंगेचं गढूळ पाणी. पलीकडे लांबवर धुराडी दिसत होती आणि वारा फिरला की एक उग्र वास नाकात शिरायचा.

"इथंच आणायचंय बाबांना," ती म्हणाली, एस.टी.चा थांबा दाखवावा तसं. "गावात सगळ्यांच्या तिरड्या बाबाच बांधायचे, जहाज सोडून घरी आल्यापासून. आईचीपण. इथं आणून ठेवलं की बाबा गाठीची मान मोडायचे आणि दोरी आपोआप सैल. फक्त धर्माकाकांची नाही बांधली."

"धर्मा?" मी विचारलं. "जहाजावर दोरखंडाची कोठी सांभाळायचा तो?"

"तेच. आमच्या समोरच राहायचे. गेल्या शिमग्यानंतर गेले. त्यांची तिरडी पोरांनी बांधली, कशीबशी. इथं आल्यावर गाठी सुटेनात. एकानं घरी जाऊन कोयता आणला. काका, अर्धा तास कापत होती पोरं, अंगावरच. बाबा तिकडे लांब आंब्याखाली उभे. दोघं बोलत नव्हते ना."

"का बरं?"

"जहाजावरची कसलीतरी जुनी गोष्ट. दोरीवरून."

कसली गोष्ट ते मला ठाऊक होतं. वाचकांपासूनही लपवण्यात आता अर्थ नाही.

आमचं जहाज मुंबईच्या बंदरात, धक्क्यापासून लांब नांगर टाकून उभं होतं. हिराजीने सिंगापूरहून बायकोसाठी शिलाई मशीन आणली होती. सामान खाली लाँचमध्ये सोडायचं काम चाललं होतं. हिराजी लाँचमध्ये, मी वर. मशीन मी बांधली. त्याची लाडकी गाठ, मला येते ना, मग मीच बांधणार. निम्म्यावर गेली आणि पाण्यात पडली. माझ्या हातात दोरी उरली, धड, सरळ, टोकाला एक धागाही निघालेला नाही. डेकवरचं कुणी जवळ येण्याआधी मी ती समुद्रात टाकली आणि ओरडलो, "दोरी तुटली."

दोरी धर्माच्या कोठीतली होती.

हिराजीचं घर कौलारू, पुढच्या खोलीत खाट. खिडकीखाली भिंतीलगत दोन हात मोकळी जागा होती, सारवलेली, तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. घरातलं बाकीचं सामान एकमेकांच्या अंगावर चढलेलं, ही जागा तेवढी रिकामी. एक शिलाई मशीन बसेल एवढी. कशासाठी सोडली होती ते मी विचारलं नाही.

"आलास रं रायटर," हिराजी म्हणाला. शब्द तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून येत होते. "जाड झालास."

"तुम्ही वाळलात, सारंग."

"उचलनाऱ्यांना सोपं पडाय नको?" त्याने डाव्या हाताने निळं वेटोळं ओढून घेतलं, दोन बोटांत चुरलं आणि खाली टाकलं. "नायलॉन. हिच्यात गाठ बसत नाय, घसरते. नंदे, कापडं वाळत घाल हिच्यावर."

अशा रीतीने माझी भेट वळचणीखाली गेली. जेवायला तांदळाची भाकरी आणि मुठ्यांचा (भातखाचरातल्या खेकड्यांचा) रस्सा होता. मी नांगी दाताखाली धरली तर दात हलला. हिराजी हसला, अर्ध्या चेहऱ्याने. त्या दोन दिवसांत तो तेवढाच हसला.

दुपारी त्याने परीक्षा मांडली. गोठ्यातलं दावं (गुरं बांधायची दोरी) सुनंदाने तुळईवरून खाली सोडलं. बादलीत वरवंटा ठेवला.

"बांध," हिराजी म्हणाला. "सून, तुळस, दार. आठवतं ना?"

आठवत होतं. लांब, वर तुळईकडे जाणारी दोरी म्हणजे तुळस. तिच्यावर एक लहान वेढा करायचा, ते दार. मोकळं टोक म्हणजे सून. सून खालून दाराबाहेर येते, तुळशीला मागून फेरी घालते आणि आली त्याच दाराने आत जाते. मग टोक आणि फेरा एका मुठीत धरून तुळस ओढायची. मी सगळं केलं. बादलीच्या कडीत गाठ सुबक दिसत होती. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

"हालव," तो म्हणाला. "समुद्र काय गप बसतो?"

मी दावं हलवलं. गाठ जणू कधी नव्हतीच अशी उलगडली आणि बादली माझ्या पायावर आली. मी एका पायावर नाचलो. हिराजीचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, तो दाव्याकडे पाहत होता.

"परत."

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, फक्त या वेळी पाय मी आधीच काढून घेतला होता.

"दार उलटं घालतोस," तो हळूहळू म्हणाला. "टोकाकडची दोरी वर पायजे, तुळस खाली. तू तुळस वर ठेवतोस. दिसाय तशीच दिसते, पन धरत नाय." त्याने डाव्या हाताने दाव्याचं सुटलेलं टोक ओढून पाहिलं. "तीन डाव, आन् तिन्ही डाव उलटंच. तुझा हातच तसा हाय रं. पयल्यापासनं."

सुनंदा चुलीपाशी होती. तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"मशीन तू बांधली व्हतीस," हिराजी म्हणाला.

"हो."

"टोक दाव बोललो, तर टोक पान्यात गेलं बोललास."

मला प्रत्येक प्रसंगाला काहीतरी चटपटीत सुचतं. माझी तेवढीच ख्याती आहे. त्या वेळी मी पडलेला वरवंटा उचलून बादलीत ठेवला.

"दोरी चांगली होती, सारंग," मी म्हणालो. "गाठ सुटली. दोरी मी टाकून दिली."

त्याचा डावा हात चादरीची चुणी घालत होता, सोडत होता, पुन्हा घालत होता. "धर्मा हेच सांगत व्हता. माझी दोरी तुटायची नाय, रायटर खोटं बोलतोय. मी बोललो, शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल? धर्मा, तू दिलीस ती सडकी व्हती. घरात आगोटीची, पावसाळ्याची बेगमी नसंल पन कोठीतली दोरी नीट ठेवनारा मानूस तो. त्याला मी सडकी बोललो. चार मानसांत."

मग तो म्हणाला, "नंदे, मला भिंतीकडं वळव."

त्याला स्वतःला कूस बदलता येत नव्हती. सुनंदाने एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून त्याला वळवलं, पाठीमागे उशी लावली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेली. कुणाला माझ्याकडे पाठ फिरवायलाही दुसऱ्याची मदत लागावी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळी बाहेर झिमझिम होती. मी पिशवी भरून उभा राहिलो तेव्हा हिराजी भिंतीशीच बोलावं तसा बोलला, "समोर जा. चांगुणाला सांग. माझ्यासमोर बोललास तसं. हसवू नको."

चांगुणा म्हणजे धर्माची बायको. अंगण ओलांडलं की तिची ओटी, बारा पावलं. मी मोजली, कारण तेवढाच वेळ काढता येत होता. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी कोण ते सांगितलं, मग बाकीचं सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत. एक खडा काढून तिने अंगणात टाकला.

"रोज बोलायचे," ती म्हणाली. "जेवताना तर रोजच. दोरी माझी चांगली व्हती, दोरी माझी चांगली व्हती. मी बोलायचे, पुरं आता, जेवा गुमान." तिने सूप खाली ठेवलं. "मलापन वाटायचं, आसंल तुटली. दोरीच ती. एवढी वरसं मी त्यांना जेवा गुमान बोलले."

त्यानंतर ती उठली. मला वाटलं, हाकलणार. तिने चहा टाकला. तो चहा मी प्यालो.

मी कप खाली ठेवेपर्यंत ती माळ्यावरून एक पोतं घेऊन आली. आत पिवळट, जाड दोरीचं वेटोळं होतं, एकावर एक फेरे नीट बसवलेलं. "नोकरी सोडली तवा यवडीच मागून आनली. कुनाला हात लावू देत नव्हते. शेवटाला तिरडीला काडाय गेले मी, तर पोरं बोलली, म्हातारे, राहू दे, सुतळी हाय." तिने पोतं माझ्या हातात दिलं. "चला. उचला."

तिने अंगण ओलांडलं. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि आत आली. सुनंदाने बापाला पुन्हा इकडे वळवलं.

"भावजी," चांगुणा म्हणाली, "दोरी बगा."

हिराजीने वेटोळं छातीवर घ्यायला लावलं. डाव्या हाताचा अंगठा दोरीवर ठेवून तो एका टोकापासून चाचपत निघाला. वीतभर झालं की सुनंदा दोरी पुढे सरकवायची. पीळ, पीळ, पुन्हा पीळ. एखादी बोट भरेल एवढा वेळ तो चाचपत होता आणि आम्ही तिघं उभे होतो. दुसरं टोक हातात आलं. ते सुताने बांधून बंद केलेलं होतं, धर्माच्या हाताने.

"चांगली हाय," हिराजी म्हणाला.

"व्हतीच," चांगुणा म्हणाली.

त्याने डोळे मिटले, पण मिटला एकच. पाणी एकाच डोळ्यातून आलं. दुसरा उघडा होता आणि कोरडा. मग त्याने मुलीला हाक मारली. "रायटर नाय बांधनार. नंदे, तू शीक. रायटरच्या कंबरेला बांध. तेवढ्याच कामाचा हाय तो."

"बाईमानूस तिरडी बांधनार?" चांगुणाने विचारलं. रागाने नाही, नुसतंच.

"दोरीला इचार."

मी हात वर करून खांबासारखा उभा राहिलो. सुनंदाने वेढा घातला, दार सरळ, टोक वर, तुळस खाली. सून बाहेर आली, मागून गेली, आत शिरली. तिने ओढलं तसा मी दोन पावलं फरफटत गेलो. गाठ जिथल्या तिथे, माझ्या पोटाला जराही आवळ नाही.

"आता मान मोड."

तिने तुळशीभोवतीचं वळण अंगठ्याने मागे वाकवलं. गाठ उघडली. मला तीस वर्षांत जमलं नव्हतं ते तिला एका दमात जमलं.

निघताना मी म्हणालो, "येतो, सारंग." माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही माफी मागितली नाही. एवढंच म्हणाला, "दार बगून बांधत जा."

सुनंदाने मला खोपोलीला सोडलं. तिथून एस.टी. घाट चढू लागली. खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं, डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे जाड नळ, मग धुकं, आणि काचेत फक्त माझं तोंड. पिशवीत फुटलेल्या काकडीचा वास येत होता. तिच्या पाण्याने कपडे भिजले होते. ही फजिती पुढे कधीतरी रंगवून सांगू, असं सवयीने मनात आलं. पण ती ऐकून हसणाऱ्यांपैकी हिराजी नसेल, हेही लगेच आलं, आणि मी खिडकी लावून घेतली.

नवव्या दिवशी सुनंदाचा फोन आला. आदल्या सकाळी हिराजी गेला.

"गाठ?" मी विचारलं.

"धरली. नदीवर एका हातानं उघडली काका. कोयता कुणी आणलाच नव्हता."

"आणि दोरी?"

"चांगुणाकाकू म्हणाली, जाऊ दे त्यांच्याबरोबर. सरणावर ठेवली." मग ती म्हणाली, "काकू आता रोज संध्याकाळी इकडेच येऊन बसते. त्या खिडकीखाली."

मी रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या स्टुलाला दोरी बांधतो. तीनदा बांधली तर दोनदा दार उलटंच पडतं. प्रवासाहून आलेल्या माणसाने काय मिळवून आणलं ते शेवटी सांगावं, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी काही आणलेलं नाही. एक निरोप तेवढा पोचवायचा आहे. मशीन पाण्यात पडली त्या दिवशी डेकवर जे खलाशी होते, त्यांनी ही गोष्ट आपापल्या गावी नेली असेल, हसत हसत सांगितलीही असेल. त्यांच्यापैकी कुणी, किंवा त्यांच्या घरातलं कुणी हे वाचत असेल, तर त्यांनी एवढं ऐकावं. धर्माची दोरी तुटली नव्हती. गाठ माझी होती.